भोंग्याचा सा

जबलपूर, ८ ऑगस्ट १९६५

रत्नाकर,

नागपंचमीच्या सकाळी मी शकुला लवकर उठवलं, तिच्या खांद्यावर आईची जुनी शाल टाकली आणि आम्ही दोघं मागच्या दाराच्या पायरीवर जाऊन बसलो. भोंगा होईल तेव्हा तोंड उघडायचं, एवढंच मी तिला सांगितलं होतं. शब्द नको, फक्त आ. कारखान्याचा भोंगा ऐकतच तू मोठा झालास. एकदा लागला की तो सपाट चालतो, मध्ये कुठे हलत नाही. मी त्याच्यात आवाज मिसळला. शकु आधी माझ्या तोंडाकडे पाहत राहिली, मग तिनेही मिसळला. भोंगा बंद झाला, मी थांबलो, आणि तिचा आवाज तसाच पुढे चालत राहिला. आपण एकटेच उरलो हे लक्षात आल्यावर ती दचकली आणि हसली.

तू जून महिन्यात ताटावरून उठून गेलास, त्यानंतर तुझ्या बहिणीचा आवाज या घरात ऐकू आला तो हा पहिला. तिने बोलणं कमी केलं एवढंच मी तेव्हा तुला कळवलं होतं. खरं म्हणजे तिने ते पूर्ण बंद केलं होतं. पाणी हवं असेल तर माठाकडे बोट दाखवायची.

तू म्हणालास, "पोरगी बोलताना अडखळते म्हणून तिला शाळेतून काढता? टाळ कुटून कोणी पाचवी पास होतं का?" तुझा राग चुकीचा होता असं मी म्हणत नाही. पण रोज उभं राहून धडा वाचायचा, पहिल्याच अक्षरावर अडकायचं आणि सगळ्या वर्गाने ते अक्षर तिच्यासारखं म्हणून दाखवायचं, हे तू पाहिलेलं नाहीस. मी पाहिलं आहे. तिचा डबा द्यायला गेलो होतो आणि खिडकीबाहेर उभा होतो. बाई वाईट नव्हत्या, त्या पोरांना रागावतही होत्या. पण रागावणं संपेपर्यंत शकु खाली बसलेली असायची.

गाताना ती अडत नाही. देवापुढे म्हणताना कधीच अडली नाही, हे तुझ्या आईनेच माझ्या ध्यानात आणून दिलं. म्हणून मी सगळंच गाण्यात घातलं आहे. पाढे, महिने, नद्या, राजांची नावं. आमच्या गावच्या शाळेत गुरुजी असंच शिकवत. त्यांच्याकडे एकच पुस्तक होतं आणि आम्ही पोरं पुष्कळ, मग काय करतील. मला सुतारकामाशिवाय दुसरं येतं ते भजनातलं मृदंग आणि एकतारी. बरगीच्या बाजारातून सुकलेला भोपळा आणून एक एकतारी केली आहे. तार भोंग्याला लावली. घरात दुसरा सूर कोणता आहे?

या महिन्यात मला दुपारची पाळी आहे, सकाळ मोकळी असते. शेजारी रामराव नागपूरहून बदलून आले, त्यांची बेबी शकुच्याच वयाची. वर्षाच्या मध्ये तिला शाळेने घेतलं नाही म्हणून तीही येऊन बसते. ती इतकी बोलते की शकुच्या वाटचंही होऊन जातं. आणखी तीनचार लहान पोट्टे नुसते ऐकायला येतात.

तुझी अट मला मान्य आहे, लिहून देतो. एप्रिलमध्ये शकु पाचवीच्या परीक्षेला घरून बसेल. तोंडी परीक्षाही असते. नापास झाली तर मी स्वतः तिला भिलाईला आणून तुझ्या स्वाधीन करीन, मग तू म्हणशील ती शाळा. तोपर्यंत मला माझ्या पद्धतीने करू दे.

सूनबाई विनीताला आशीर्वाद. तिला पत्र वाचून दाखव, नुसतं घडी करून ठेवू नकोस.

बाबा

५ सप्टेंबर १९६५

रत्नाकर,

तुझं उत्तर नाही. तरी गणपतीचं लिहितो, कारण इथे सगळे अजून हसून राहिले आहेत.

क्वार्टरच्या गणपतीपुढे आमच्या पोरांनी गजर म्हणायचा असं ठरलं. पेटीवर शालिग्रामजी. तुला आठवत असतील, बड्या फुहाऱ्याजवळ पेट्या दुरुस्त करायचं दुकान, तोंडात कायम पान. पोरं ओळीने उभी राहिली, शकु दुसऱ्या ओळीत. शालिग्रामजींनी काळी चार धरली. पोरांनी सूर लावला तो तिच्या वर. त्यांनी लगतची पांढरी सहा धरली, तर पोरं तिच्या खाली. पुन्हा काळी, पुन्हा पांढरी. लोक चुळबुळ करू लागले. रामराव पहिल्या रांगेतून मला म्हणाले, "नीलकंठराव, काहून हे असं होऊन राहिलं? महिनाभर शिकवलं काय मग?"

महिनाभर मी पोरांना बेसूर शिकवलं आणि ते मलाच कळलं नाही, असं वाटलं. मी पेटी कधी वाजवलेली नाही. आमच्या गावात पेटी नव्हतीच.

शालिग्रामजींनी भाता बंद केला आणि विचारलं, "भैया, इनका सा कहाँ से लिया?"

मी म्हटलं, "कारखाने के भोंगे से."

ते इतके हसले की पान सांभाळायला तोंडावर रुमाल धरावा लागला. मग उभे राहून, पेटीच्या दोन पट्ट्यांकडे बोट दाखवत सगळ्यांना म्हणाले, "सुनिए. ये बच्चे दो परदों के बीच में रहते हैं. एक बच्चा बेसुरा हो तो बेसुरा. सब के सब एक ही जगह बेसुरे हों, तो उसको सुर कहते हैं." त्यांनी पेटी सरकवून ठेवली आणि पोरांना एकतारीवर म्हणायला लावलं. मी मृदंग घेतला. गजर चांगला झाला, रत्नाकर. बापाचा कान पक्षपाती असतो हे धरूनही चांगला झाला.

रात्री जेवताना तुझी आई म्हणाली, "लोकांच्या घरी तंबोरा असतो, आपल्या घरी कारखाना." शकु ठसका लागेपर्यंत हसली.

सरहद्दीवरच्या बातम्या तू वाचतच असशील. आमच्या खात्यात दारूगोळ्याच्या लाकडी पेट्या बनवायचं काम दुप्पट झालं आहे. भिलाईलाही तीच गत असेल. जपून राहा.

बाबा

१९ सप्टेंबर १९६५

रत्नाकर,

आम्ही सुखरूप आहोत, हे आधी लिहितो. तुझ्या आईने सांगितलं, बाकी काही नंतर, आधी हे.

बारा तासांची पाळी आहे आणि मला रात्रीची मिळाली. शाळा बंद आहेत, त्यामुळे सकाळी घरी पोरंच पोरं. ज्यांचे आईबाप दोघं कामावर जातात त्यांचीही. तुझी आई एकीकडे भाकऱ्या थापते आणि एकीकडे नाकं पुसते. दिवे दिसू नयेत म्हणून खिडक्यांना काळा कागद लावायचा हुकूम आहे. त्या कागदावर आतून पोरं खडूने चित्रं काढतात. मोठ्या खिडकीवर नर्मदा काढली, अमरकंटकापासून समुद्रापर्यंत. बेबीने ग्वारीघाट एवढा मोठा काढला की पुढचा सगळा गुजरात कोपऱ्यात दाबून बसवावा लागला. रामराव आता वॉर्डन आहेत, शिट्टी घेऊन तपासायला आले. म्हणाले, "हे काय करून ठेवलं?" शकुने खडू त्यांच्या हातात दिला. ते बरगीच्या जागी एक होडी काढून गेले.

आता मुख्य गोष्ट. पाळीचा भोंगा बंद झाला. तो आता फक्त विमानं आली तरच वाजणार. पहिल्या दिवशी पोरं पायरीवर येऊन बसली, भोंगा झालाच नाही. एकतारीची तार दमट हवेत उतरते, तिचा भरवसा नाही. छोटा पोट्टा मला म्हणाला, "काका, आता सा कुठून आणायचा?" मी त्यांना त्या दिवशी नुसतं चित्र काढायला लावलं.

परवा दुपारी हवाई हल्ल्याचा सराव झाला. क्वार्टरच्या मैदानात खंदक खणले आहेत, रामरावांनी शिट्टी फुंकली आणि आम्ही सगळे खाली उतरलो. बाया, म्हातारे, माझी सगळी शाळा. मग भोंगा वाजला, पण तो आपला नव्हता. वर चढायचा, खाली यायचा, पुन्हा चढायचा, जखमी जनावरासारखा. एक बाई रडू लागली, तिचं पाहून लहान पोरं रडू लागली. मी मनात नर्मदामाईचं नाव घेत होतो.

तेवढ्यात माझ्या बाजूने आवाज आला. शकु. ती खंदकाच्या मातीला पाठ लावून, डोळे मिटून सा लावत होती. आपला सा, सपाट. भोंगा वर जात होता, ती जात नव्हती. खाली येत होता, ती येत नव्हती. मग बेबीने लावला, मग एकेक करून सगळ्यांनी. रडणाऱ्या पोट्ट्याने रडता रडता लावला. भोंगा त्यांच्या वरून खालून जात राहिला आणि पोरं आपल्या जागी बसून राहिली.

संपल्यावर बेबी मला म्हणाली, "काका, भोंगा बेसुरा होऊन गेला."

खंदकात बाया हसू लागल्या, रत्नाकर. रडणारी ती बाईही.

सा कुठून आणायचा हा प्रश्न आता कोणी विचारत नाही. सकाळी शकु लावते, बाकीचे धरतात.

बाबा

१२ डिसेंबर १९६५

रत्नाकर,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. दोनच ओळी, पण तुझ्या हाताच्या. "गाणं ठीक आहे, गणिताचं काय?" गणिताचं सांगतो, पण आधी पेटीचं सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

दिवाळीनंतर शालिग्रामजी एक जुनी पेटी घेऊन घरी आले. म्हणाले, दुकानात पडून आहे, आतल्या पितळी पत्त्या घासून ती तुमच्या भोंग्याला जुळवून देतो, मुलांना उपयोगी येईल. पण भोंगा अजून बंद होता. मग जुळवायची कशाशी? त्यांनी शकुला समोर बसवलं. "बिटिया, तू बोल." तिने सा दिला. त्यांनी कानशीने पत्ती घासली, वाजवून पाहिली, पुन्हा "बोल". तिने पुन्हा दिला. मध्ये चहा झाला, मध्ये बेबीने येऊन सगळ्या पांढऱ्या पट्ट्या एकदम दाबून पाहिल्या, तरी शकुचा सा तिथेच. संध्याकाळपर्यंत ते काम चाललं. मी म्हटलं, "शालिग्रामजी, बच्ची है, कहीं इधर-उधर हो गया तो?" ते म्हणाले, "आप सुतार हैं न? गुनिया पर शक करते हैं क्या?" आपण ज्याला काटकोन्या म्हणतो त्याला ते गुनिया म्हणतात.

गेल्या सोमवारी पाळीचा भोंगा पुन्हा सुरू झाला. मी पायरीवर पेटी घेऊन बसलो. शकु आत अंघोळीला गेली होती. भोंगा लागला, मी पट्टी दाबली. दोन्ही आवाज एक झाले. मी पट्टीवरून बोट उचललं, पुन्हा ठेवलं, काही फरक कळेना. भोंगा थांबला तरी मी भाता हलवत बसलो होतो. मग देवघरात जाऊन डोकं टेकवलं.

आता गणित. अपूर्णांक मी तालात शिकवतो. सोळा मात्रांचे चार भाग, त्याचे अर्धे, त्याचे पाव. हाताने टाळी द्यायची आणि नवव्या मात्रेला टाळी न देता हात नुसता बाजूला उलटायचा. तिला खाली म्हणतात. परवा शकुने पाटीवर लिहून विचारलं, "खालीला आवाज नाही, मग तिला मोजतात का?" मी म्हटलं, मोजतात तर. ती मोजली नाही तर सम चुकेल. तिथे ताल थांबलेला नसतो, चालूच असतो.

ती पाटीकडे पाहत बसली. दुसऱ्या दिवशी न्याहारीला आईला म्हणाली, "मला... " आणि अडली. नेहमी अशा वेळी ती मान खाली घालते. या वेळी तिने हात बाजूला उलटला, थांबली आणि म्हणाली, "...लोणचं दे." अनसूया लोणच्याची बरणी हातात धरून माझ्याकडे पाहतच राहिली. मी हे तिला शिकवलेलं नाही. कोणीच शिकवलेलं नाही.

बोलते आहे. अडत अडत, पण बोलते आहे. तू नाताळात येशील का?

बाबा

२४ एप्रिल १९६६

रत्नाकर,

घरून बसणाऱ्या मुलांचं केंद्र या वर्षी सिहोऱ्याला आलं. मी, शकु आणि बेबी सकाळच्या बसने गेलो. लेखी झाली होती, ही तोंडी. परीक्षक वयस्क गुरुजी, चष्मा कपाळावर. मी आधीच त्यांना भेटून विनंती करून ठेवली, "गुरुजी, मुलगी अडखळते. गाऊन उत्तर दिलं तर चालेल का?" ते भले गृहस्थ, म्हणाले, "चलेगा, गाए." मी शकुला तसं सांगितलं. प्रत्येक उत्तराला चाल बसवलेली होती, महिनाभर आम्ही तेच करत होतो. मी बाहेर लिंबाखाली बसलो आणि माळ काढली.

आत काय झालं ते मला बेबीने सांगितलं, ती मागच्या बाकावर आपल्या पाळीची वाट पाहत होती. तिच्या शब्दांत लिहितो, माझ्याने तसं जमणार नाही.

"काका, गुरुजींनी विचारलं, नर्मदा कहाँ से निकलती है. शकु म्हणाली, अ... आणि अडली. मला वाटलं आता गाईल. पण तिने गायलंच नाही. तिने हात असा उलटा केला. गुरुजींना वाटलं माशी हाकलून राहिली. तेही हाकलायला लागले. मग तेच म्हणाले, अमरकंटक? हाँ? अमरकंटक? तर शकुने मान हलवली, नाही. गुरुजी म्हणाले, नहीं? मग ती थांबली, थांबली, थांबली, आणि म्हणाली, अमरकंटक. गुरुजी म्हणाले, बेटी, मैंने भी तो यही कहा था."

"मग?"

"मग शकु म्हणाली, आप... आप तो पास हो चुके हैं. परीक्षा मे... मेरी है."

मी बेबीला पुन्हा सांगायला लावलं. तिने पुन्हा सांगितलं आणि या वेळी माशीही वाढवली.

गुरुजींनी म्हणे चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि त्यानंतर प्रत्येक प्रश्न विचारून हाताची घडी घालून बसले. घाई केली नाही, शब्द पुरवला नाही. बाकीच्या मुलांपेक्षा तिला पुष्कळ वेळ लागला. बाहेर येऊन मला म्हणाले, "आपने तो कहा था, गाएगी. गाती भी है क्या?" म्हणजे तिने कवितासुद्धा बोलूनच म्हटली. मी बसवलेली एकही चाल तिने वापरली नाही.

निकाल यायचा आहे. मला निकालाची चिंता नाही. तुलाही नसावी असं हे वाचून वाटेल.

परत येताना बसमध्ये शकु मला एक गोष्ट म्हणाली. ती पुन्हा कधी लिहीन.

बाबा

१० जून १९६६

रत्नाकर,

शकु पास. गणितात पहिल्या वर्गाचे गुण. बेबीही पास. रामरावांनी सगळ्या क्वार्टरमध्ये पेढे वाटले आणि प्रत्येक दाराशी सांगितलं, "नीलकंठरावांची शाळा." तुझ्या आईने नर्मदेची ओटी भरली.

आता अकरा पोरं येतात. सुट्टीतसुद्धा येतात. शालिग्रामजी रविवारी पेटी शिकवायला येतात आणि तुझ्या आईला पान लावायला शिकवतात.

तू विचारलं आहेस, सहावीला कुठे घातलं. बघू. उन्हं फार आहेत. पुलापलीकडची मुलींची शाळा चांगली म्हणतात, पण रस्त्याला लष्करी गाड्यांची धूळ असते. तिला मध्यंतरी खोकला झाला होता. आणि घरीही ती मागे पडते आहे असं नाही. लहान पोट्ट्यांना सकाळचा सूर तीच देते, तीच ताल धरायला शिकवते. ती नसली तर वर्ग कसा चालेल याचाही विचार करावा लागतो.

तूर्त इतकंच.

बाबा

९ जुलै १९६६

रत्नाकर,

जूनच्या पत्रातला खोकला विसरून जा. तिला खोकला नव्हता.

सिहोऱ्याच्या बसमध्ये शकु मला म्हणाली होती, "बाबा, मला शाळेत जायचं आहे." ती तीन ठिकाणी अडली, मी वाट पाहिली, आणि तिचं वाक्य पूर्ण झालं तेव्हा मी खिडकीबाहेर पाहत म्हटलं, "हो, बघू." एप्रिल गेला, मे गेला. मग उन्हं, मग धूळ. तिने पुन्हा विचारलं नाही. रोज सकाळी पायरीवर येऊन बसायची आणि पोरांना सूर द्यायची. फक्त शेजारच्या मुली दप्तरं शिवून घेत होत्या त्या दिवशी ती तासभर बेबीच्या ओट्यावर उभी होती, हे मी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

परवा अनसूया तांदूळ निवडत होती. मी तिला सांगत होतो, अकरा पोरं झाली, आता मोठी शाळाच होईल आपली. ती मान वर न करता म्हणाली, "एक विचारू? ही शाळा तुम्ही पोरीसाठी काढली का स्वतःसाठी?"

मी म्हटलं, "हे काय बोलून राहिली तू?"

"काही नाही. पोरगी पास होऊन गेली, तुम्ही अजून परीक्षेलाच बसून आहात."

मी रागाने बाहेर निघालो. ग्वारीघाटावर जाऊन पायऱ्यांवर बसलो. पावसाने पाणी चढलं होतं, गढूळ. मी देवाला काय मागावं हे मला सुचेना. वर्षभर मी तिचा आवाज मागत होतो आणि तो मिळाला होता. आता तो आवाज माझ्याच दाराशी राहावा, हे मागायला तोंड उघडेना. नुसतं पाण्यात पाय सोडून बसलो आणि घरी आलो. शकु पोट्ट्यांची पाटी पुसत होती. मी तिला म्हटलं, उद्या शाळेत जाऊ. तिने पाटी खाली ठेवली आणि आत पळाली, आईला सांगायला. आतून तिचं अडणं ऐकू येत होतं आणि अनसूया वाट पाहत होती, तेही ऐकू येत होतं.

काल आम्ही पुलापलीकडच्या शाळेत गेलो. मोठ्या बाई शांत आहेत, पिकल्या केसांच्या. त्यांनी शकुला नाव विचारलं. तिने सांगितलं, वेळ लागला. बाईंचा चेहरा मऊ झाला. मला म्हणाल्या, "काळजी करू नका. मी हजेरीत हिच्या नावापुढे खूण करून ठेवते. वर्गात हिला उभं करून कोणी वाचायला लावणार नाही. माझ्या सगळ्या बाईंना सांगून ठेवीन."

रत्नाकर, गेल्या वर्षी हे कोणी म्हटलं असतं तर मी त्या बाईंच्या पाया पडलो असतो. कालही मी हात जोडलेच होते. तोंडात "फार उपकार" आलेलं होतं.

शकु म्हणाली, "बाई, खूण न... नको."

बाईंनी दौतीतून टाक उचललेला होता, तो तसाच हातात राहिला.

"मला वि..." म्हणाली आणि अडली. खोलीत घड्याळ होतं, पंखा होता. शिपाई दारात उभा राहून ऐकत होता. बाईंचे ओठ हलले, त्या शब्द पुरवणार होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं, तेवढं माझ्याकडून झालं. त्या थांबल्या. आम्ही सगळे थांबलो. "विचारा. सगळ्यांना विचारता तसं. मला वे... वेळ लागतो. पोरी हसतील. मग हसायचं सं... संपेल, तेव्हा मी सांगीन."

बाईंनी टाक दौतीत ठेवला.

"कोणी शिकवलं हिला?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, "पाढे मी शिकवले."

शाळेत घाला हे तुझं म्हणणं मी मानलं असं समजून येऊ नकोस. मी ते तुझ्यासाठी केलेलं नाही. बहिणीला भेटायला ये, विनीताला घेऊन ये. एक मात्र सांगून ठेवतो. लहानपणापासून शकु अडली की तिचं वाक्य तू पूर्ण करायचास, मायेनेच करायचास. आता करू नकोस, ती तुला थांबवील आणि तुला ते लागेल.

मी सहावीच्या फॉर्मवर सही केली, शिपायाने वर्ग दाखवला, शकु आत गेली. दारातून मागे वळून तिने मला हातानेच सांगितलं, जा. मी पूल ओलांडून एकटा घरी आलो.

बाबा